शंभराच्या आत

मीटर बदलायला कंपनीची दोन पोरं आली तेव्हा भागिरथा देवमनला कुशीवर करून त्याची पाठ ओल्या फडक्यानं पुसत होती. देवमनला लकवा मारून दोन वर्षं झाली होती. उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखे पडून असायचे. तोंड वाकडं झालं होतं, बोलणं गेलं होतं. 'हवा' एवढा एकच शब्द तोंडातून निघायचा, तोही अर्धामुर्धा. पाणी पाहिजे असलं तरी हवा, लघवीला लागलं तरी हवा, माशी नाकावर बसली तरी हवा. कोणती हवा ते भागिरथाला त्याच्या डोळ्यांवरून कळायचं.

"आजी, जुना मीटर काढून राह्यलो," दोघांतला मोठा, वीरेंद्र नावाचा, दारातूनच म्हणाला. "स्मार्ट बसोतो. पैसे नाई लागत."

"जुना तं चांगला हाय ना. मंग काहून काढता?"

"वरून ऑर्डर हाय."

पलीकडच्या कुडावरून रूपानं मान वर काढली. रूपा शेजारीण, भागिरथाच्या बरोबरीनं मजुरीला जायची आणि कुठं काय चाललंय त्याची खबर तिला आधी असायची. "नोका बसू देऊ वं काकू. हे मीटर पयते म्हनतात घोड्यावानी."

"पयत नाई बाई. जुनं झोपत होतं," वीरेंद्र हसला. त्याचे हात चालूच होते. "यात दर घंट्याचं मोबाईलवर दिसते. कवा किती लाईट जळली ते ग्राहकाले घरबसल्या समजते. फायदाच हाय. नंबर सांगा कोनाचा टाकू?"

सून सरिता चुलीपुढून उठून आली. चौथा महिना होता तिला. "माया टाका. घरी मीच राह्यतो."

"तुया कायले?" भागिरथा आतून म्हणाली. "बिल अश्वजित भरते. त्याचाच टाका."

 सरितानं नवऱ्याचा नंबर सांगितला, पोरानं तो टाकला, आणि किन्हीराजा गावातल्या पत्र्याच्या त्या दोन खोल्या पुण्याच्या बाजूला, चाकणला, एका मोबाईलमध्ये जाऊन बसल्या.

अश्वजित तिकडं गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत ठेकेदाराकडे होता. एका खोलीत सहा जण राहायचे. मीटर यायच्या आधी त्याचा फोन रविवारी यायचा, एखादा रविवार चुकायचाही. बायकोशी तो बराच वेळ बोलायचा. मग फोन भागिरथाच्या कानाला लागायचा. जेवली का, बाबा कसे हायेत, बरं ठेवतो. एवढंच. फोन बंद झाल्यावरही ती थोडा वेळ तो कानालाच धरून ठेवायची.

मीटर लागून आठवडा झाला नाही तोच मधल्याच वारी फोन आला, आणि सरिताशी न बोलता त्यानं थेट आईलाच मागितलं.

"माय, सकायी सकायी काय लावलं होतं?"

"कायी नाई बाबू. काहून?"

"सहाच्या घंट्यात लय लाईट गेली."

भागिरथानं आठवून पाहिलं. "तुया बापाले आंग पुसाले पानी तापवलं. रॉड लावला होता."

"चूल हाय ना?"

"हाय."

"मंग?"

 ती हळूच म्हणाली, "तुले कसं दिसलं रे तती?"

"सारं दिसते मले अथी बसून," अश्वजित म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हसू होतं. खोलीतली बाकीची पोरंही हसल्याचं तिला ऐकू आलं. "माय उठली का समजते. पंखा लावला का समजते."

दुसऱ्या दिवशी वावरात तिनं रूपाला ते तीन तीनदा सांगितलं. लखीराम राठोडाच्या मळ्यात हळद शिजत होती. मोठ्या ढोलात वाफ कोंडायची, झाकण उघडलं की पिवळा दमट वास अंगाला चिकटायचा. बायका शिजलेली हळद टोपल्यांनी उचलून ताडपत्रीवर पसरत होत्या. "तती बसून घर पाह्यते लेकरू," भागिरथा म्हणाली. "मी पाटी कवा उचलली थे बी समजन त्याले एक दिवस."

"मले तं भेव वाटलं असतं," रूपा म्हणाली.

"भेव कायचं वं? पोटचं पोरगं होये."

फोन आता रोज यायला लागला. संध्याकाळी, कंपनी सुटल्यावर. भागिरथा हातपाय धुऊन, चहा न पिता, घरातला साधा मोबाईल पदरात घेऊन ओट्यावर बसायची. कालचं किती झालं ते तो सांगायचा. आंघोळीचं पाणी चुलीवर गेलं. मिक्सर फडक्यात गुंडाळून फळीवर गेला आणि सरिता पाट्यावर मिरच्या वाटू लागली. वाढतं पोट मांडीला दाबलं जायचं म्हणून ती एका अंगावर कलंडून वाटायची. ओट्यावरचा दिवा काढला. टीव्ही बातम्यांपुरता, मग तोही नाही.

"शाबास माय," अश्वजित एका संध्याकाळी म्हणाला. "दोनच युनिट. अख्ख्या दिवसात."

भागिरथाला आजवर शाबास कोणी म्हटलं नव्हतं. शाळेत ती गेली नव्हती. बाप बोलायचा नाही, आणि देवमन चांगला माणूस होता, दारू पीत नव्हता, मारत नव्हता. पण तोंड भरून काही म्हणावं हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या रात्री ती भाकर जास्त खाऊन झोपली.

पहिलं बिल आलं ते जुन्यापेक्षा कमी. रूपाचं वाढून आलं. गावात आणखी चारदोन जणांचं वाढलं, आणि ग्रामपंचायतीपुढं माणसं जमली. वीरेंद्र सापडला होता, त्याला मधे घेऊन लोक भांडत होते. काढून ने म्हणत होते. तो घामाघूम झाला होता. त्याची नजर गर्दीच्या कडेला पाटी घेऊन उभ्या असलेल्या भागिरथावर गेली.

"या आजीले इचारा! देवमन पट्टेबहादूरच्या घरी इचारा. कमी आलं का नाई, आजी?"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आलं ना कमी," भागिरथा म्हणाली. "पोरगा ध्यान ठेवते."

रूपा तिच्याकडं बघतच राहिली. 

एप्रिल लागला आणि पत्रे तापायला लागले. सकाळी दहालाच भिंतीला हात लावला की चटका बसायचा. दुपारी वाऱ्याची झळ यायची ती चुलीच्या तोंडातून आल्यासारखी. देवमनच्या खोलीत एक जुना लोखंडी कूलर होता, त्यानंच घेतलेला, हात चालत होते तेव्हा. सरितानं टाकीत पाणी भरलं, वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या आणि बटन दाबलं. देवमननं डोळे मिटले. त्याची छाती सावकाश खालीवर होऊ लागली. सरिता त्याच्या खाटेखाली सतरंजी टाकून आडवी झाली.

तिसऱ्या संध्याकाळी अश्वजितनं फोन केला, आणि त्याच्या आवाजात शाबासकी नव्हती.

"माय, असं चाललं तं शंभराच्या वर जाते. शंभराच्या वरचं युनिट दुप्पट लागते. शंभराच्या आत राह्यलं पाह्यजे."

"बुढ्याले गरम होते बाबू."

"मले अथी होत नाई? सहा जनात एक पंखा हाय. देजो सरिताले फोन."

तो सरिताला काय बोलला ते भागिरथाला ऐकू आलं. आवाज मोठा होता. माय उन्हात मरते अन् तू बारा ते चार कूलरपुढं झोपतं. मले दिसते सारं. लाज वाटू दे. सरितानं फोन कानापासून दूर धरला, मग खाली ठेवला.

"आत्याबाई, तुमी सांगा त्यायले. मामाजी कुकरात घातल्यावानी राह्यते."

"बुढ्याचं नाव नोको करू," भागिरथा म्हणाली. "तुलेच पाह्यजे हवा. आमी काय भट्टीत पोरं नाई काढले? दोन लेकरं वावरात हिंडून काढले मीनं, एक गेलं, एक राह्यलं. कोन्या कूलरात?"

सरिताचं तोंड पांढरं पडलं. तिनं कूलर बंद केला, सतरंजी उचलली आणि स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. चार दिवसांनी तिचा भाऊ मोटारसायकलवर रिसोडहून आला. बाळंतपणाला अजून वेळ होता, पण तो विचारायला आलाच नव्हता, न्यायलाच आला होता. जाताना सरिता देवमनच्या पायाशी वाकली. देवमननं डाव्या हातानं तिची बांगडी धरून ठेवली. ती सोडवायला वेळ लागला.

"आत्याबाई," ती दारात म्हणाली, "मायासाठी नवतो लावत मी. त्यायले तरी लागू द्या हवा."

"तू तुया घरचं पाह्य," भागिरथा म्हणाली.

मे महिन्यात लखीरामच्या शेडमध्ये हळदीचं बेणं निवडायचं काम निघालं. पावसाआधी लावायचे गड्डे निवडायचे, सडके बाजूला काढायचे, मुळ्या खुडायच्या. सावलीतलं काम म्हणून बायकांची झुंबड उडाली. भागिरथा सकाळी देवमनला खाऊपिऊ घालून जायची, दुपारी पळत येऊन त्याला उलटसुलट करायची, पेज पाजायची आणि परत जायची. कूलर तिनं बंद ठेवला होता. खिडकीला ओलं पोतं बांधायची. ते तासाभरात वाळून कडक व्हायचं.

एका संध्याकाळी अश्वजित म्हणाला, "माय, दुपारी तू घरी होती?"

"नाई. शेडमधी होतो."

"मंग कूलर कोनं लावला?"

भागिरथाला काही कळेना. कोणी शिरलं का घरात? ती आली तेव्हा तर तो बंदच होता. दुसऱ्या दिवशी ती बेणं तसंच टाकून लवकर निघाली आणि दाराशी न खोकता आत डोकावली. खाटेशेजारी कोंबड्या हाकायची वेळूची काठी ठेवलेली असायची. देवमननं ती डाव्या हातात धरली होती आणि मान वाकडी करून, जीभ दातात धरून, तो काठीचं टोक भिंतीवरच्या बटनाला लावत होता. टोक घसरायचं. हात खाली पडायचा. तो दम घ्यायचा, पुन्हा उचलायचा. शेवटी बटन दबलं. कूलर घरघरला, वारा त्याच्या अंगावर आला, आणि देवमन आपल्या वाकड्या तोंडानं हसला. दोन वर्षांत आपल्या हातानं केलेलं ते त्याचं एकच काम होतं.

भागिरथालाही क्षणभर हसू आलं. बुढ्ढा हुशार आहे, असं तिच्या मनात आलं. मग तिला संध्याकाळ आठवली.

"दे थे काठी," ती म्हणाली.

देवमननं तिला पाहिलं. काठी छातीशी ओढली.

"दे म्हनतो ना. पोरगं तती मरमर मरते, अन् तुमाले अथी वारा पाह्यजे."

"हवा," देवमन म्हणाला.

तिनं काठी ओढली. डावा हात अजून घट्ट होता, तो सुटेना. तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या बोटांवर फटका मारला, एक, मग आणखी जोरात एक. बोटं सुटली. काठी तिनं अंगणात फेकली, बटन बंद केलं आणि कूलरची पिनच भिंतीतून उपसून काढली. देवमन बोटं तोंडाशी नेऊन पडून राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लकव्यानंतर त्याच्या डोळ्यांना असंच पाणी यायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि त्याला पेज पाजायला बसली. त्यानं तोंड उघडलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं पोराला सांगितलं, "आता नाई लागत कोनी कूलर. पिनच काढली."

"चौऱ्यान्नव झाले माय," अश्वजित म्हणाला. "चार दिवस राह्यले. जमते आपलं. शंभराच्या आत जमते."

आपलं, असं तो म्हणाला होता. ती त्या शब्दावरच झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच हवा पडली होती. पान हलत नव्हतं. कुत्री मोरीत जाऊन बसली होती. भागिरथानं देवमनच्या छातीवर ओलं फडकं टाकलं, डाव्या हाताशी पाण्याचा गडू ठेवला, खिडकीला पोतं बांधलं. त्यानं डाव्या हातानं कूलरकडं दाखवलं. बोटांवर काळंनिळं दिसत होतं.

"चारच दिवस," ती म्हणाली. "मंग लावून देतो. महिना बदलला का लावून देतो, तुमाले झोपाले."

शेडमध्ये लखीरामनं टेम्पो बोलावला होता. दुपारी बायका उठायला लागल्या तसा तो दारात आडवा उभा राहिला. "एवढा ढीग उरकला का जा बापा. टेम्पोवाला थांबून राह्यला. जेवन अथीच आनतो मी."

"माया मानूस खाटेवर हाय, भाऊ," भागिरथा म्हणाली.

"घंट्याभरानं काय होते?"

रूपा म्हणाली, "जा वं काकू तू. मी करतो तुया वाटचं."

भागिरथा उठलीही. पण बाकीच्या बायका बघत होत्या, लखीराम बघत होता, आणि उद्या काम नको म्हणाला तर? ती परत बसली. गड्डे हातात घेतले. मुळ्या खुडताना नखात माती आणि पिवळं भरत होतं. टेम्पो भरून गेला तेव्हा शेडची सावली उगवतीकडं चांगलीच लांबली होती.

दार ढकललं तेव्हा आतून झळ तिच्या तोंडावर आली. गडू खाली पडला होता. पाणी कधीच वाळून गेलं होतं, जमिनीवर नुसता डाग होता. देवमन अर्धा खाटेबाहेर लोंबत होता; डावा हात भिंतीकडं पसरलेला, जिथं कूलरची पिन तारेला लोंबत होती तिकडं. तोंड उघडं होतं, डोळे वर गेले होते. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा एक थेंब नाही. छाती अजून हलत होती, कोंबडीच्या पिल्लासारखी, भरभर.

"अवो. अवो, पाहा ना मायाकडं."

तिनं पिन भिंतीत घातली. दोनदा चुकली. कूलर चालू झाला. टाकीत पाणीच नव्हतं. गरम वारा फेकायला लागला. ती हंडा घेऊन धावली, पाणी त्याच्या अंगावर ओतलं, फडकं पिळून डोक्यावर ठेवलं, रूपाला हाक मारली. रूपा कुड ओलांडून आली, ऑटोवाल्याकडं कोणाला तरी पाठवलं. देवमनच्या छातीचं हलणं हळू झालं, मग थांबून थांबून, मग नाहीच. ऑटो दारात येऊन उभा राहिला आणि रूपा बाहेर जाऊन त्याला म्हणाली, "जा बाबू. नाई लागत आता."

मोबाईल खाटेवर पडला होता. तो वाजला. भागिरथानं सवयीनं उचलला.

"माय!" अश्वजित खुशीत होता. "आज तं कमाल केली तूनं. सकायपासून कायीच नाई, अर्ध युनिट बी नाई. असंच ठेव, जमलंच आपलं."

भागिरथानं फडकं पिळलं. पाणी तिच्या पायावर पडलं.

"बाबू," ती म्हणाली, "तुया बाप गेला."

अश्वजित रातोरात निघाला, उजाडल्यावर पोहोचला. बापाच्या पायावर पडून तो असा रडला की बायकांनाही रडू आलं. सरिता भावासोबत आली. सातवा महिना भरत आला होता, पायाला सूज होती. त्रिसरण-पंचशील झालं, देवमनला नेलं, जाळलं. डॉक्टरनं येऊन पाहून ऊन लागलं म्हटलं होतं, आणि त्या आठवड्यात जिल्ह्यात ऊन कोणालाही लागलं असतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं आटोपली, माणसं पांगली. रूपा भांडी घासत होती. सरिता कूलरपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी कूलर चालू होता?"

"होता ना," भागिरथा म्हणाली. "सकायीच लावून गेल्तो मी."

बोलून झाल्यावर तिनं अश्वजितकडं पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, हातात मोबाईल. त्याला सारं दिसतं हे तिला त्या क्षणी आठवलं. तो खाली बघत राहिला.  तिचा जीव भांड्यात पडला. माझं लेकरू, तिच्या मनात आलं, मला झाकतंय.

पण सरिता नवऱ्याकडं वळली. "तुमी मान खाली नोका घालू. तुमीच बंद कराले लावला. माया पोटात लेकरू असून मले बोलले तुमी. तुमीच मारलं त्यायले. मी नाई येत या घरात."

अश्वजितनं मान वर केली. त्याचे डोळे लाल होते. त्यानं मोबाईलवर बोट फिरवलं, फिरवलं, आणि पडदा सरिताच्या तोंडापुढं धरला.

"हे पाह्य. त्या दिवशीचं. सकायपासून कायीच नाई. बंद होता कूलर. मी शंभराच्या आत ठेवा म्हटलं, बाबाचा बंद करा असं कवा म्हटलं? पिन मायनं काढली. मले तिनंच सांगतलं. इचार तिले."

सरिता बराच वेळ त्या पडद्याकडं बघत होती. रूपाचे हात भांड्यात थांबले. भागिरथाला वाचता येत नव्हतं. तिला उभ्या रेघा दिसल्या, आणि मधली मोकळी जागा दिसली.

"मायनंच काढली," अश्वजित पुन्हा म्हणाला, या वेळी रूपाला ऐकू जाईल असं.

  "हो," भागिरथा म्हणाली. "मीनंच काढली."

दुसऱ्या दिवशी सरिता रिसोडला गेली. अश्वजित तिच्या मागोमाग रिसोडला गेला, तिथूनच पुण्याला. मुलगी झाल्याचं भागिरथाला रूपाकडून कळलं. फोन आला नाही. रविवारी नाही, मधल्या वारी नाही. तिनं लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा.

मग एके दिवशी तिनं मिक्सर खाली काढला आणि रिकामाच फिरवला. रॉड बादलीत टाकला आणि पाणी उकळून आटेपर्यंत ठेवला. पंखे, दिवे, टीव्ही. पाऊस लागून गारवा आला होता, तरी तिनं कूलर लावला आणि देवमनच्या खाटेपुढं अंगावर चादर ओढून, कुडकुडत बसून राहिली. संध्याकाळी मोबाईल पदरात घेऊन ओट्यावर बसली. दिवसभर दिवे जळत. येणारेजाणारे थांबून बघत.

"काकू, याड लागलं का वं तुले?" रूपा म्हणाली. "केवढं बिल येईन!"

"येऊ दे."

"अवं, शंभर कवाच झाले असतीन."

"झाले पाह्यजे ना," भागिरथा म्हणाली. "मंग लावन फोन. बोलाले लावन. लय बोलन."

रूपा कुडापलीकडं गेली.

महिना गेला. दुसरा गेला. लखीरामच्या वावरात हळद गुडघ्याला आली, बायका निंदायला जाऊ लागल्या. भागिरथा जायची, संध्याकाळी येऊन सारं लावायची, बसायची. सोयाबीन पिवळं पडायला लागलं तेव्हा एका सकाळी, कूलर चालता चालता थांबला. दिवे गेले. टीव्ही गेला. ती बाहेर आली. विजेच्या डांबावर कोणी चढलं नव्हतं. शिडी नव्हती, पकड नव्हती, माणूस नव्हता. रूपाच्या घरात गाणं वाजत होतं.

रूपा हात पुसत आली. मीटरकडं वाकून बघितलं. "तुयीच गेली. हापिसातूनच कापतात आता, बटन दाबून. अश्वजितच्या मोबाईलवर नोटिसा आल्या असतीन ना वं. भरलं नसन त्यानं. बरं, सांगतलं बी नाई लेकाच्यानं!"

भागिरथा ओट्यावर टेकली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला होता.

"म्हंजे पाह्यलं त्यानं," ती म्हणाली. "रूपा, पाह्यत होता तो."